सशाच्या पिल्लाला हिरवा पाला : केव्हा, कोणता, किती?

देवळीच्या एका वहिनींचे पत्र आले आहे. मुलीच्या हट्टासाठी त्यांनी वर्ध्याहून सशाचे एक पांढरे पिल्लू आणले. आठ दिवस ते ओसरीवर चांगले उड्या मारीत होते. मुलीने लाडाने त्याला पहिल्या दिवशी पानकोबीची पाने घातली, दुसऱ्या दिवशी गाजर, आणि तिसऱ्या दिवशी मामाच्या मळ्यातून आणलेला ओला लसूणघास पोटभर चारला. चौथ्या दिवशी पिल्लू पोट फुगून कोपऱ्यात बसले आणि रात्रीतून गेले. आता दुसरे आणले आहे. मुलगी त्याच्याजवळ पाला घेऊन जायलाच भिते, आणि घरातली वडील मंडळी म्हणतात, आपल्याकडच्या हवेत ससा जगतच नाही. ह्या पिल्लाला हिरवे घालावे की घालूच नये, असे वहिनींनी विचारले आहे.

वहिनी, घालावे. ससा हा पाल्यावर जगणारा जीव आहे आणि आपल्या हवेत तो चांगला जगतो. मात्र पिल्लाच्या पोटाची तयारी झाल्यावर घालावे, आणि तेही एका वेळी एकच पाला, चिमटीने. आणि मुलीला आधी हे सांगा, की तिची चूक नव्हती. तिने जे घातले त्यात विष काहीच नव्हते. तीन दिवसांत तीन नवे पदार्थ त्या एवढ्याशा पोटात गेले, तेवढेच कारण झाले. पिल्लू विकणाऱ्याने चार शब्द सांगितले असते तर ते वाचले असते.

वाचकहो, ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. उन्हाळाभर कुटार आणि कडबा खाल्लेली गाय पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरच्या कोवळ्या गवतावर तुटून पडते आणि दोन दिवस पातळ शेण टाकते. दवाने भिजलेला लसूणघास भुकेल्या बैलापुढे टाकला तर त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. म्हणून जाणता शेतकरी आधी कुटार घालतो, मग थोडे हिरवे मिसळतो, आणि आठ-पंधरा दिवसांत हळूहळू हिरवे वाढवतो. सशालाही हाच नियम लावायचा आहे. फरक एवढाच, की बैलाजवळ चारशे किलोचा देह असतो आणि चूक पचवायला वेळ असतो. अर्ध्या किलोच्या पिल्लाजवळ एक दिवसाचाही वेळ नसतो. शिवाय सशाला ओकारी होत नाही. जे आत गेले ते पुढेच जायला हवे, अन्यथा तेथेच कुजते.

सशाचे पोट आतून कसे चालते ते थोडे समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे आपोआप पटेल. ससा रवंथ करीत नाही. गाईचा चारा कुजवण्या-मुरवण्याचे काम पहिल्या मोठ्या पोटात होते. सशाचे तेच काम मागच्या बाजूला, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी असलेल्या एका मोठ्या पिशवीत होते. तिला आंधळे आतडे म्हणतात. माणसात ती नावापुरती असते, सशात मात्र पोटातली बरीचशी जागा तीच व्यापते. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात आणि गवतातले चोथट तंतू तेच फोडतात. दह्याच्या विरजणासारखे समजा. विरजण चांगले लागले तर सगळे ठीक. बिघडले तर नको ते जंतू माजतात, वायू धरतो आणि विष तयार होते.

हे विरजण पिल्लाच्या पोटात जन्मतः नसते. सशाचे पिल्लू जन्मते ते उघडे, डोळे मिटलेले. दहाएक दिवसांनी डोळे उघडते. तोवर आणि पुढेही काही दिवस ते केवळ आईच्या दुधावर असते, आणि त्या दुधाच्या गुणाने पोटात वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते गवताची काडी चघळू लागते, आईच्या लेंड्याही चाटते, आणि तेव्हापासून विरजण लागायला सुरुवात होते. दूध सुटते आणि नवे विरजण पुरते लागलेले नसते, असा मधला काळ साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्याचा. पाळीव सशांची सगळ्यांत जास्त पिल्ले हगवण लागून ह्याच दिवसांत मरतात. आणि नेमकी ह्याच वयाची पिल्ले बाजारात विकायला येतात, कारण तळहातावर मावणारे पिल्लू मुलांना आवडते आणि लवकर खपते.

तेव्हा पहिली गोष्ट घेतानाच पाहायची. पिल्लू निदान सहा, जमल्यास आठ आठवड्यांचे असावे. तळहातावर बसणारे घेऊ नये. आणि विकणाऱ्याला किमतीच्या आधी हे विचारावे, की हे आजवर काय खात होते? गवत, दाणे की हिरवे? जे खात होते त्यातले थोडे, आठवड्याभराचे, त्याच्याकडूनच मागून घ्यावे. नवे घर, नवी माणसे, मांजराचा वास, एस.टी.चा प्रवास ह्यांनीच ते घाबरलेले असते, आणि घाबरलेल्या सशाचे आतडे मंद चालते. त्यात नव्या चाऱ्याची भर नको. पहिले आठ-पंधरा दिवस जुनेच खाणे, सोबत हवे तेवढे वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी. दुसरे काही नाही.

वाळलेले गवत हे सशाचे खरे अन्न आहे, हिरवा पाला ही त्याच्यावरची भाजी. आपल्या जेवणात भाकरी आणि भाजी असते, तसेच धरा. चित्रांतल्या सशाच्या हातात नेहमी गाजर दिसते, म्हणून ससा गाजरावर जगतो असा सगळ्या जगाचा समज झाला आहे. प्रत्यक्षात गाजरात साखर फार. मोठ्या सशालाही बोटाच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा पुरे. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात. ते झिजायला चोथट गवत तासन्‌तास चघळावे लागते. गवत नाही मिळाले तर दात वाढून तोंड मिटत नाही आणि ससा भरल्या ताटासमोर उपाशी मरतो.

हल्ली मुले मोबाइलवर परदेशातल्या चित्रफिती पाहतात आणि तिकडचे टिमोथी गवत हवे म्हणून हट्ट धरतात. ते थंड मुलखातले गवत आहे; पाकिटात येते आणि महाग पडते. देवळीच्या शिवारात त्यावाचून काही अडत नाही. पवना, मारवेल, हरळी हे आपले गवत फुलोऱ्यावर येताना कापावे, सावलीत वाळवावे आणि हिरवट रंग राहील असे ठेवावे. मूठभर गवत नाकाशी धरून पाहावे. गोड वास आला तर ते सशाचे. कुबट वास किंवा पांढरी बुरशी दिसली तर ते गुरांच्याही पुढे टाकू नये. गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार केवळ बसायला अंथरावे, खाण्यासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. भुईमुगाचा वाळलेला वेल किंवा वाळवलेला लसूणघास वाढत्या पिल्लाला थोडा चालतो, कारण त्यात प्रथिने आणि चुना जास्त असतो. सहा-सात महिन्यांनंतर मात्र तो कमी करावा.

येथे एक धोक्याची गोष्ट सांगतो. आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि घरोघरी गाई-बैलांसाठी सरकीची ढेप असते. मूठभर ढेप सशाला घातली तर काय बिघडले, असे वाटते. सरकीत गॉसिपॉल नावाचे एक विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पहिल्या पोटात त्याचा जोर मोडतो; सशाला ती सोय नाही. तेव्हा ढेप, सरकी आणि पऱ्हाटीचा पाला ह्यांपासून ससा दूर ठेवावा. तसेच सुबाभळीचे. तिचा पाला शेळ्या आवडीने खातात, परंतु त्यातल्या मिमोसिनने सशाचे केस गळतात.

आता हिरव्याकडे वळू. पिल्लाने आजवर हिरवे खाल्लेले नसेल, किंवा खाल्ले की नाही हे कळायला मार्ग नसेल, तर तीन महिने पुरे होईपर्यंत थांबावे. जे पिल्लू आईबरोबर पहिल्यापासून तोच पाला कुरतडत वाढले, त्याचे पोट त्या पाल्याला सरावलेले असते. त्याचा तो पाला एकाएकी बंद करण्याची गरज नाही, थोडा थोडा चालू ठेवावा. नवा पाला मात्र त्यालाही सावकाशच.

सुरुवात सांबाराने करावी. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी कोथिंबीर समजावे.) पहिल्या दिवशी सकाळी, गवत खाऊन झाल्यावर, सांबाराच्या दोन काड्या द्याव्यात. खरोखर दोनच. मुलांना हा घास फार लहान वाटतो आणि ती पाठ वळली की जुडी पुढे करतात, म्हणून पाला घालण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावे. चोवीस तास लेंड्या पाहाव्यात. त्या हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या आणि एकमेकींपासून सुट्या असल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन काड्या, तिसऱ्या दिवशी चार. पाच-सहा दिवस सांबारच चालू ठेवावा. मग त्यात दुसरा एक पाला चिमटीभर मिसळावा आणि पुन्हा तितकेच दिवस थांबावे. अशा रीतीने सव्वा-दीड महिन्यात पाच-सहा प्रकारचे हिरवे त्याच्या अंगवळणी पडते. एकेक करून घातल्याचा फायदा असा, की लेंड्या बिघडल्या तर दोष कोणत्या पाल्याचा हे लगेच कळते. पाच भाज्या एकदम घातल्या तर कोणाला धरणार? लेंड्या मऊ किंवा चिकट झाल्या तर नवा पाला बंद करावा, केवळ वाळलेले गवत आणि पाणी ठेवावे, आणि लेंड्या पूर्ववत झाल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. तोच पाला पुन्हा बाधला तर तो त्याला सोसत नाही असे समजावे. सगळे ससे सारखे नसतात. एकाला मेथी मानवते, दुसऱ्याला नाही.

लेंड्यांविषयी आणखी एक. पहाटे किंवा रात्री ससा आपले तोंड शेपटीखाली नेऊन काही तरी खाताना दिसेल. पाहून किळस वाटते आणि पुष्कळ ठिकाणी त्याला हाकलतात. हाकलू नये. आंधळ्या आतड्यात मुरलेले अन्न मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहानशा घडासारखे बाहेर येते आणि ससा ते जागच्या जागी पुन्हा खातो. गाय जशी रवंथ करते तशीच त्याची ही दुसरी पंगत. त्यातून त्याला प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. हे मऊ घड रोज सकाळी न खाल्लेले पडून राहू लागले, तर हिरवे किंवा दाणे जास्त होत आहेत आणि गवत कमी पडते आहे असे समजावे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. सांबार, पुदिना, मेथीची कोवळी डहाळी, मुळ्याचा पाला, गाजराचा वरचा पाला, फुलकोबीची बाहेरची पाने, शेवग्याचा पाला, मक्याची हिरवी पाने हे सर्व चालते. भाजीवाली फुलकोबीची पाने आणि मुळ्याचा पाला तोडून तसाच टाकून देते. ओळखीची असेल तर फुकट देईल. फुलकोबीचे पान मात्र थोडेच घालावे. पानकोबी त्याहून जास्त वायू धरते. पिल्लाला ती देऊच नये, मोठ्या सशालाही एखादा तुकडा. पालक, चवळाई, माठ, अंबाडी ह्यांत आंबट क्षार जास्त असतात. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची आंबटाई तर खुडताना बोटांनाच लागते. हे पाले आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही दुसऱ्या पाल्यात मिसळून. घोळ आणि चिवळ ह्या दोघी बहिणी आपल्याला भाकरीबरोबर गोड लागतात, परंतु त्याही ह्याच जातीतल्या. सशाला त्या नाही दिल्या तरी चालेल.

कांदा, लसूण आणि त्यांची पात कधीही नको. आलू आणि आलूची पाने नकोत, भेदराची आणि वांग्याची पाने नकोत. वाल, बरबटी, तूर, चणे हे दाणे नकोत. भात, पोळी, बिस्किट, गूळ, फरसाण काहीही नको. सणासुदीला घरातले सगळे गोडधोड खातात तेव्हा मुलांना सशाची दया येते. त्या दिवशी त्याला सांबाराच्या दोन काड्या जास्त घालाव्यात. दूधही नको. मांजराला बशी ठेवतो तशी सशालाही ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. आईचे सुटले की त्याला कोणतेच दूध लागत नाही, आणि गाईचे दूध त्याला मुळीच सोसत नाही.

शिवारातून पाला आणणाऱ्या मुलांना तीन-चार झाडे दाखवून ठेवावीत. रुई, कण्हेर, धोतरा, एरंडी, घाणेरी आणि नाल्याकाठची बेशरम ही सशाला विष आहेत. सगळ्यांत फसवे गाजरगवत. नावात गाजर आहे आणि कोवळेपणी पानही गाजरासारखेच कातरलेले असते, म्हणून लहान मूल ते गाजराचा पाला समजून हमखास उपटून आणते. ज्वारीची कोवळी, गुडघ्याएवढी धाटे गुरांना बाधतात हे आपण जाणतोच. त्यांतला विषारी अंश सशालाही बाधतो, तेव्हा ती नकोत. तरोट्याची कोवळी भाजी आपण पावसाळ्यात एक-दोनदा खातो. सशाला ती घालण्याच्या फंदात पडू नये.

झाडांची ओळख एकदा पटली की चुकत नाही. फवारणी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची मला अधिक काळजी वाटते. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तेथे २०१७ साली पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाची ही कथा, तर किलोभर वजनाच्या जिवाचे काय? आषाढापासून दिवाळीपर्यंत कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर फवारे चालू असतात. वारा असला की ते धुऱ्यावरच्या गवतावर जाऊन बसतात. शिवाय आजकाल धुऱ्यावर तणनाशकही मारतात, आणि गवत पिवळे पडायला काही दिवस लागत असल्याने त्या दिवसांत ते हिरवेगारच दिसते. तेव्हा ह्या महिन्यांत वावराच्या धुऱ्यावरचा पाला सशासाठी आणू नये, मग ते वावर आपले असो की शेजाऱ्याचे. काही औषधे झाडाच्या रसात भिनतात. तो पाला सात पाण्यांनी धुतला तरी निघत नाहीत. फिप्रोनिल हे कीटकनाशक तर सशाला विशेष घातक आहे. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर ह्याच नावाचे औषध मिळते, तेही सशाच्या अंगाला लावू नये.

बाजारच्या भाजीचेही तसेच. कोणी केव्हा फवारली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तेव्हा मोरीच्या सांडपाण्याजवळ नको, पण विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यावर परसात चार हात लांबीचा एक वाफा सशाच्या नावाने करावा. निम्म्या वाफ्यात मेथी, निम्म्यात सांबार, कडेला पुदिन्याच्या दोन कांड्या. मेथी महिन्याभरात काढणीला येते, सांबाराला दहा-पंधरा दिवस जास्त लागतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला जेवढा पाला लागतो तेवढा ह्या वाफ्यातून सहज निघतो, आणि घरच्या वरणालाही सांबार मिळतो. आणि बियांचे गणित पाहा: आज पिल्लू दोन महिन्यांचे असेल तर आज पेरलेली मेथी बरोबर त्याच्या हिरव्याच्या मुहूर्ताला तयार होईल. वहिनींनी मुलीला हाच उद्योग लावून द्यावा. पाला घालायला भिणारी मुलगी स्वतः पेरलेल्या मेथीला भिणार नाही.

पाला आणला की निवडावा, स्वच्छ पाण्यात धुवावा आणि टोपलीत निथळू द्यावा. बाजारातली जुडी गोणीत दाबून आलेली असते. आत हात घातला तर ऊब लागते. असा तापलेला, चिकट झालेला पाला पोटात लगेच कुजतो. तो खताच्या खड्ड्यात टाकावा. घातलेला पाला दोन तासांत संपला नाही तर उरलेला काढून घ्यावा. पिल्लू वाढून पुरते सरावल्यावर दर किलो वजनामागे दिवसाला एक मोठी मूठभर पाला, दोन वेळांत वाटून, हे माप पुरे. जास्त घातला तर ससा तोही खाईल, परंतु तेवढे गवत कमी खाईल.

हिरवे सुरू झाल्यावर काही घरांत एक निराळीच घाबरगुंडी उडते. सशाचे मूत्र एके दिवशी तांबूस किंवा नारिंगी दिसते. पाल्यातल्या रंगाने असे होते, आणि दोन-तीन दिवसांत ते आपोआप निवळते. पांढरट, चुन्यासारखे गढूळ मूत्रही सशात नेहमीचेच, कारण चाऱ्यातला जास्तीचा चुना तो मूत्रावाटे टाकतो. मात्र मूत्राला जोर करावा लागत असेल, थेंब थेंब होत असेल किंवा तांबडा रंग राहतच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

खरे संकट कोणते ते आता सांगतो, आणि हा भाग घरातल्या सर्वांनी वाचावा. ससा पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला, आवडीचे पान पुढे केले तरी तोंड फिरवू लागला, दात करकर वाजवू लागला, कान गार पडले, पोट हाताला घट्ट लागले, आणि दहा-बारा तासांत लेंडीच टाकली नाही, तर सकाळची वाट पाहू नये. तो मेल्यासारखा पडेपर्यंत आपल्याला काही कळू देत नाही. शिकार होणाऱ्या जनावराचा हा स्वभावच आहे.

अशा वेळी आपल्या घरात दोन उपाय हमखास सुचतात आणि दोन्ही सशाला मारक आहेत. पहिला, लंघन. पोट बिघडले की माणसाला उपास घालतात. सशाला उपास घालू नये. त्याचे आतडे खाण्याच्या रेट्यानेच पुढे सरकते. खाणे थांबले की आतडे थांबते, आणि आतडे थांबले की खाण्याची इच्छा राहत नाही. तेव्हा गवत आणि पाणी सतत त्याच्या पुढे असावे. दुसरा उपाय, घरात मुलांसाठी आणून उरलेले पातळ औषध. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही औषधे माणसाच्या पोराला चालतात, सशाच्या पोटात मात्र ती विरजणातले चांगले जंतू मारून टाकतात आणि घातक जंतूंना रान मोकळे करून देतात. जुलाब थांबवायला म्हणून दिलेल्या एका चमच्याने ससा दगावतो. हिंग, ओवा, घुटी ह्यांचेही प्रयोग नकोत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि तेथे तीन गोष्टी न विसरता सांगाव्यात: शेवटची लेंडी केव्हा टाकली, गेल्या तीन दिवसांत काय काय नवे खाल्ले, आणि घरी कोणते औषध दिले असल्यास ते कोणते. गुराढोरांच्या दवाखान्यात ससा नेला तर लोक हसतील, म्हणून काही जण जात नाहीत. हसणारे हसोत. नागपूरला १९५८ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गरज पडली तर देवळीहून तेही एका दिवसात गाठता येते.

ओघाने आले म्हणून एक सांगून टाकतो. तुरीच्या सोंगणीत किंवा गवत कापताना कधी कधी रानसशाचे पिल्लू सापडते आणि मुले ते घरी घेऊन येतात. तो आपल्या पाळीव सशाचा भाऊ नव्हे, दूरचा नातलग. पाळीव ससे हे मूळचे स्पेनकडच्या बिळांत राहणाऱ्या सशाचे वंशज, आणि त्यांची पिल्ले आंधळी जन्मतात. आपला रानससा बीळ करीत नाही, आणि त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेले असते. आई त्याला दिवसभर गवतात एकटे लपवून ठेवते आणि अंधार पडू लागला की दूध पाजायला येते. म्हणजे एकटे सापडलेले पिल्लू पोरके नसते. आपण उचलले की मात्र ते पोरके होते, आणि घरी सहसा जगत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा धरणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. ते जेथे सापडले तेथेच, फार न हाताळता, गवताच्या आडोशाला ठेवून द्यावे आणि त्या दिवशी तेवढा तुकडा कापायचा सोडावा.

उन्हाळ्याचे थोडे बोलून संपवतो. चैत्र-वैशाखात आपल्या जिल्ह्यात पारा पंचेचाळीसवर जातो, आणि सशाला तिशीनंतरच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही. उष्णता तो कानांवाटे टाकतो. त्या दिवसांत पिंजरा टिनाच्या छपराखाली ठेवू नये. घरातल्या गार कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवावा, आणि पाणी मातीच्या जड पसरट भांड्यात ठेवावे, म्हणजे ते सांडत नाही आणि गारही राहते. पाला निथळू न देता ओलाच घालावा. तेवढेच पाणी पोटात जाते. दुपारी काही घालू नये, पहाटे आणि दिवे लागल्यावर घालावे. उन्हाळ्यात नवा पाला सुरू करू नये. पावसाळ्याच्या तोंडी जुळवाजुळव करावी आणि उघडीप पाहून सुरुवात करावी.

आणि लेंड्या झाडून उकिरड्यावर फेकू नका. सशाची लेंडी शेणासारखी कुजवावी लागत नाही. ती सुकी असतानाच मेथीच्या वाफ्यात मातीत मिसळली तरी पीक जळत नाही. मूत्र मुरलेले कुटार मात्र जोरकस असते, ते खताच्या खड्ड्यात घालावे.